अलीच्या बागेत दोन दिवस

यवतमाळहून धामणगावच्या रेल्वे स्टेशनाकडे निघालं, की वाटेत आमचं बाभुळगाव लागतं. काळी जमीन, कापूस, तूर आणि बेंबळा नदी. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर विहीर येते. उन्हाळ्यात तिचा तळ किती हात खाली गेला, हे येतं. समुद्र आम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिला. तो इथून साडेसहाशे-सातशे किलोमीटर लांब. अशा गावच्या माणसानं अलिबागबद्दल बोलावं, हे थोडं गमतीचंच आहे. पण त्यालाही एक कारण घडलं.

एका कविसंमेलनासाठी मुंबईला गेलो होतो. कविता वाचून झाल्यावर एका सभ्य गृहस्थानं कौतुकानं विचारलं, "तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता हो?" हा प्रश्न मला गेली तीस वर्षं विचारला जातो. मी नेहमीसारखा हसलो. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर एकाला बसचा नंबर दोनदा विचारला, तर तो म्हणाला, "अलिबागसे आया है क्या?" लागोपाठ दोन दिवसांत दोघांनी मला बाहेरचा ठरवला होता. मनात म्हटलं, एकदा अलिबागला जाऊन तरी येऊ. बायको सोबत होती. ती म्हणाली, "लोक गोव्याला जातात, आणि तुम्हाला अलिबागच सुचलं!" तरीही आम्ही गेटवेवरून मांडव्याची बोट धरली. (आता २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारी नेणारी रो-रो बोटही आहे.)

त्या वाक्यावर बंदी घाला, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०१९मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका, असा एकंदर सूर होता. ते ठीकच आहे. पण ज्या गावाचं नाव घेऊन आपण हसतो, ते नाव आलं कुठून, हे तरी ठाऊक असावं. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये लिहिलंय की, अली नावाच्या एका श्रीमंत मुसलमानानं इथं विहिरी खोदल्या आणि बागा लावल्या. म्हणून हे अलीबाग. काही जण सांगतात, तो अली बेने इस्रायली होता. तो कोणत्या धर्माचा, हा वाद बाजूला ठेवू. समुद्राच्या काठावर गोडं पाणी शोधणारा माणूस होता, एवढं आमच्यासारख्या दुष्काळी मुलखातल्या माणसाला पुरेसं आहे.

अलिबागला पहिलं काय पाहायचं, तर कुलाबा किल्ला. तो समुद्रात, किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटरवर. ओहोटीला चालत किंवा घोडागाडीनं जाता येतं, भरतीला होडी लागते. तेव्हा वेळ साधावी लागते. आमच्या घोडागाडीवाल्या पोरानं हिशेब सांगितला: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, तो पूर्ण भरतीचा तास. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी. मी त्याला म्हटलं, "आमच्या घरी अम्मी चांदाच्या तारखा मोजायची. तिलाही हा हिशेब जमला असता." चांदाची पहिली तारीख साधारण शुद्ध द्वितीयेला येते, एक-दोन दिवसांचा फरक धरला की झालं. पोरगं म्हणालं, "चाचा, समुद्राला दोन्ही चालतात. पण पाणी फिरायच्या आत या, नाहीतर किल्ल्यातच मुक्काम!"

या किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८०च्या मार्चमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांत सुरू करवलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाजवळ उभं राहून नीट पाहा. प्रचंड दगड एकावर एक नुसते रचलेत. सांध्यांत चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथंच मोडतो. तीनशे चाळीस वर्षांहून अधिक काळ समुद्र या तटावर धडका देतो आहे.

हा किल्ला गाजला कान्होजी आंग्र्यांमुळे. इंग्रजांच्या कागदांत त्यांना चाचा म्हटलंय. खरं तर ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावं, नाहीतर जहाज धरू, हा त्यांचा नियम. पोर्तुगीज त्याआधी दोनशे वर्षं हेच करत होते. त्यांच्या परवान्याला कायदा म्हणायचं आणि कान्होजींच्या दस्तकाला चाचेगिरी! १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, पण त्यांना परत फिरावं लागलं. कान्होजी १७२९मध्ये वारले. त्यांची समाधी गावात आहे. तिथं मात्र फारसं कुणी फिरकत नाही.

किल्ल्यात चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. पोरं त्यांच्यावर बसून फोटो काढतात. त्यांच्यावरचं साल वाचा: १८४९. आंग्र्यांचं राज्य त्याआधीच, १८४०मध्ये खालसा झालं होतं. म्हणजे आंग्र्यांच्या एकाही लढाईशी या तोफांचा संबंध नाही. पुढं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९च्या सुमाराला बांधलेलं. त्याच तटाच्या आत हाजी कमालुद्दीन शाहांचा दर्गाही आहे. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे. किल्ल्यातल्या एका बाईनं आम्हाला तांब्याभर पाणी दिलं. बायको प्यायली आणि म्हणाली, "आपल्या विहिरीसारखंच आहे की!"

परत आल्यावर गावात फिरा. किनाऱ्याजवळच भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्याला १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. तिथं विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहानं सुया हलणार, म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला आणलं. बांधकामासाठी लोहाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड निवडला. जुन्या आणि नव्या जागेच्या नोंदी जुळाव्यात म्हणून सुमारे दोन वर्षं दोन्हीकडे मोजमाप केलं. ज्या गावचा माणूस भोळा म्हणून हसायचं, त्या गावात शंभर वर्षांहून अधिक काळ सूर्यावरच्या वादळांचे पृथ्वीवरचे पडसाद टिपले जातायत.

तिथून इस्रायल आळीत जा. तिथं 'मागेन अबोथ' हे यहुदी प्रार्थनामंदिर आहे, मूळचं १८४८चं. बेने इस्रायलींची परंपरागत कथा अशी: शेकडो वर्षांपूर्वी एक जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि जवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागली. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ज्या गावी राहिले त्या गावाचं नाव लावून ते किहीमकर, पेणकर, रोहेकर झाले. आपल्या धर्माच्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं रचली. १९४८नंतर बहुतेक इस्रायलला गेले आणि तिथूनही त्यांनी मराठी नियतकालिक काढलं. त्याचं नाव ठेवलं 'मायबोली'.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी किहीमला जा. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी १९३०च्या पावसाळ्यात इथंच सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं विणतो. मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो. आणि मग दुसरं विणायला घेतो! किनाऱ्यावरच्या घोड्यांवर आणि उंटांवर पोरांना अवश्य बसवा, पण झाडांवर लोंबणारी घरटीही दाखवा.

निघताना बायकोनं पांढऱ्या कांद्याची माळ घेतली. परतीच्या रेल्वेत समोरच्या बाकावरल्या आजींनी विचारलं, "कुठून आलात, बाबा?" मी म्हटलं, "अलिबागहून." त्या हसल्या नाहीत. "कांदा गोड असतो तिथला," एवढंच म्हणाल्या.

आता मला कुणी विचारलं, की तुम्ही मराठी कसे काय बोलता, तर मी नुसता हसत नाही. अलिबागची गोष्ट सांगतो. कुणी फुटक्या जहाजातून आला, कुणी विहीर खोदली, कुणी तट रचला. जो जिथलं पाणी प्याला, तो तिथली भाषा बोलू लागला. मी बेंबळेचं पाणी प्यालो. तुम्हीही अलिबागला जा, तिथी पाहून जा, आणि किल्ल्यातल्या विहिरीपाशी थोडं थांबा.