विजयदुर्ग : तट आणि गोदी

वाघोटण खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, विजयदुर्ग हे लहानसे बंदर वसले आहे. याचे जुने नाव घेरिया. येथे येणाऱ्या प्रवाशाची दृष्टी प्रथम किल्ल्याच्या तिहेरी तटावर खिळते. परंतु खाडीत आत गिर्ये गावानजीक खडक खोदून केलेली जुनी गोदी पाहिल्यावाचून या स्थळाचा इतिहास पुरता उलगडत नाही. तट हा आरमाराचा आश्रय. त्याचे जीवन गोदीत होते.

१७२९ साली कान्होजी आंग्रे वारले. पुढे त्यांच्या पुत्रांत फूट पडली आणि विजयदुर्गाकडील आरमार तुळाजीच्या हाती राहिले. तुळाजी पेशव्यांची सत्ता जुमानीना. त्यास नमविण्याइतके आरमार जवळ नसल्यामुळे नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला.

फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. जमिनीच्या बाजूस पेशव्यांची फौज होती. तोफगोळ्यांच्या माऱ्यात एका जहाजाने पेट घेतला. ते मूळचे इंग्रजांचेच असून आंग्र्यांनी पूर्वी पाडाव केलेले होते. ती आग पसरून नांगरलेली गुराबे आणि गलबते भस्मसात झाली. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीस, किल्ला इंग्रजांच्या हाती आला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला.

किल्ला पेशव्यांकडे देण्यास इंग्रजांनी टाळाटाळ केली. अखेर ऑक्टोबर १७५६ च्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे ठेवून विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. आठ महिन्यांनी तट परत आला. जळालेली जहाजे मात्र परत येणारी नव्हती.

तथापि या घटनेने मराठी आरमार संपले, हे मत ग्राह्य नाही. पेशव्यांनी विजयदुर्ग येथे आपल्या आरमाराचा सुभा ठेविला. तेथील सुभेदार आनंदराव धुळप यांनी १७८३ साली रत्नागिरीनजीक इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पाडाव केले. म्हणजे जहाजे बांधणारे व हाकारणारे हात कोकणात शिल्लक होते. हरपले ते वेगळेच. आंग्र्यांचे सारे सामर्थ्य समुद्रावर उभे होते. पुण्याच्या राज्यकारभारात आरमाराचे स्थान दुय्यम राहिले. घरातील कलह मिटविण्यासाठी परकीय आरमार बोलाविले गेले आणि या किनाऱ्यावर इंग्रजांचा पाय अधिक घट्ट रोवला गेला. १८१८ साली विजयदुर्गही त्यांच्याकडे गेला. भक्कम तटाइतकीच ती मूक गोदीही या चुकीची साक्ष देते.