राजाची घोडेउडी

देशी बुद्धिबळात किल्लेकोट नव्हता. राजा आणि हत्ती एकाच खेळीत सरकून राजा कडेला बंदिस्त होतो, ही सोय युरोपातल्या खेळाबरोबर आपल्याकडे आली. त्याआधी राजाच्या संरक्षणाची तरतूद निराळी होती. संपूर्ण डावात एकदाच, आणि तीही पहिला शह बसण्यापूर्वी, राजाला घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. एकदा शह बसला की हा हक्क कायमचा संपला. आज हा नियम सांगितलाच तर जुन्या खेळातली एक गंमत म्हणून सांगितला जातो, आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो. पटावरची सर्वांत चपळ चाल मुळात कशासाठी आहे, याविषयी आपल्या खेळाडूंनी केलेला विचार या नियमात साठवलेला आहे. घोडा म्हटले की आपल्याला दोन मोहऱ्यांवर एकदम पडणारा हल्ला आठवतो. देशी खेळाने मात्र हीच चाल राजाच्या हाती दिली ती निसटण्यासाठी.

या खेळाचा दख्खनमधला माग काढताना हैदराबादच्या आसपासच थांबावे लागते. औरंगाबाद, परभणी, नांदेडपासून बीदरपर्यंतचा मुलूख पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. त्याच मुलखातल्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला आणि त्यातल्या क्रीडांच्या शेवटच्या भागात चतुरंगाला जागा दिली. पुढे सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ लिहिणाऱ्या नीलकंठ भट्टाचे घराणे काशीचे म्हणून ओळखले जाई, पण ते मूळचे पैठणचे. आपल्या धर्मशास्त्रीय ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ या भागात त्याने बुद्धिबळ घेतले आणि घोड्याने चौसष्ट घरे एकेकदाच फिरून येण्याचे मार्गही दिले. राजनीती सांगणाऱ्या ग्रंथात घोड्याच्या चालीचा एवढा काटेकोर अभ्यास यावा, हे मला फार बोलके वाटते. एका घरातून दुसऱ्या घरात घोडा किती खेळ्यांत पोचतो, हे ज्याला पाठ आहे, त्यालाच तो वेळेवर घरी परत आणता येतो.

देशी नियमांत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाई. काही भागांत मोजक्या प्याद्यांना सवलत असे तेवढीच. त्यामुळे मांडणी हळूहळू उलगडे, आणि प्याद्यांच्या भिंतीवरून उडी मारणारा घोडा पहिल्याच खेळीत बाहेर पडे. शिवाय दोन्ही राजे समोरासमोर नसत. एकाचा राजा ज्या उभ्या ओळीत, त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला शत्रूचा वजीर. मधली प्यादी गेली की थेट शह. आता दोन्ही घोडे आपापल्या बाजूच्या उंटाच्या प्याद्यासमोर आणून ठेवले तर काय होते ते पाहा. मूळ घरातल्या राजाकडे दोन तिरप्या ओळी येतात. राजाच्या बाजूचा घोडा त्यांतल्या आखूड ओळीचे पटाच्या कडेचे घर ताब्यात ठेवतो, म्हणून शत्रूच्या वजिराला तिथे येऊन शह देता येत नाही. वजिराच्या बाजूचा घोडा दुसऱ्या, लांब ओळीत स्वतःच आडवा उभा राहतो. दोघेही राजापासून फार तर दोन घरांवर असतात आणि तरीही मधल्या चार घरांवर त्यांची नजर असते. पहिल्या शहाने उडीचा हक्क जात असल्यामुळे हा पहारा आणखी मोलाचा ठरे. मोहरा न मारता दिलेला नुसता शहसुद्धा हल्लेखोराला फायद्याचा होता, तेव्हा तो शह बसूच न देणे हे बचावाचे पहिले काम, आणि ते काम घोड्यांचे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की किल्लेकोट ही सुधारणाच होती. एका खेळीत राजा सुरक्षित आणि हत्ती मोकळा. त्यात तथ्य आहे, पण ते पुरते नाही. राजा मूळ घरावरून घोड्याच्या चालीने चार घरांवर जाऊ शकतो. घोड्याचे प्यादे एक घर पुढे केलेले असेल तर तो त्या प्याद्याच्या मागच्या घरात जातो, आणि पुढे घोडा, बाजूला दोन प्यादी असा आडोसा त्याला मिळतो. आता तळाच्या ओळीतला उंट बाहेर पडलेला असेल तर कोपऱ्यातल्या हत्तीला ती ओळ वजिरापर्यंत मोकळी. म्हणजे किल्लेकोटाचे बरेचसे काम एका उडीत होते, आणि कोणत्या बाजूला जायचे हे शत्रूला अखेरपर्यंत कळत नाही. उणीव आहे ती निराळी: किल्लेकोट केल्यावर राजा तळाच्या ओळीत राहतो, उडी घेतलेला राजा एक ओळ पुढे येतो आणि तिरप्या माऱ्यात सापडू शकतो. हा धोका देशी खेळाने पत्करला होता. शिवाय युरोपातही किल्लेकोटाच्या आधी राजाच्या उडीचेच वेगवेगळे नियम होते आणि त्यांतूनच किल्लेकोट घडला. कंबोडियाच्या खेळात राजाची अशी पहिली उडी आजही आहे. तेव्हा देशी नियमाला मागासलेला म्हणणे इतिहासाला धरून नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: घोडा जवळपल्ल्याचा, म्हणून लांबून येणाऱ्या माऱ्यापुढे तो दुबळा. प्रत्येक खेळीत त्याला घराचा रंग बदलावाच लागतो, त्यामुळे एक खेळी वाया घालवून तेच घर राखणे त्याला जमत नाही. पटाच्या कडेच्या प्याद्याला अडवताना तो अडखळतो. मधोमध आठ घरांवर असलेला त्याचा अंमल कोपऱ्यात दोनच घरांवर उरतो. हे सगळे मान्य. पण यातून निघते एवढेच की बचावाचा घोडा कुठे ठेवावा याला बंधन आहे. नवव्या शतकात अरबी बुद्धिबळकार अल्-अद्ली याच्या काळापासून एका बाजूला राजा-हत्ती आणि दुसऱ्या बाजूला राजा-घोडा असे शेवट अभ्यासले गेले आहेत. या मोहऱ्यांच्या चाली तेव्हापासून बदललेल्या नाहीत, म्हणून तो अभ्यास आजही लागू पडतो. घोडा राजाजवळ राहिला तर हत्तीसारख्या बळकट मोहऱ्याविरुद्धही डाव सहसा बरोबरीत सुटतो; राजापासून तुटला की तो हेरून पकडला जातो. चपळ मोहऱ्याने आपल्या माणसाजवळ राहावे, हा धडा त्यात आहे, आणि तो सर्वांत कठीण असतो, कारण चपळाई खेळाडूला सतत पुढे ओढत असते.

सोंगट्यांच्या युद्धखेळांतही हीच ओढ दिसते. ब्राउनश्वाइगच्या हेलविगने १७८० मध्ये बुद्धिबळावरून मोठा युद्धखेळ रचला. त्या वाटेने पुढे सैनिकी सराव आला, मग एच. जी. वेल्सचे ‘लिटल वॉर्स’ आणि आजच्या छोट्या चकमकींचे खेळ. वेल्सचे पुस्तक १९१३ चे, आणि देशी बुद्धिबळाचे नियम तपशीलाने नोंदवणारा मरे या अभ्यासकाचा बुद्धिबळाचा इतिहासही त्याच वर्षीचा. या खेळांत हलक्या पायाचे पात्र हाती आले की खेळाडू ते शत्रूच्या पिछाडीला धाडतो. जड पात्रांच्या बाजूला ठेवून फट पडेल तिथे धावून जाण्यासाठी ते वापरले तर पुष्कळदा जास्त उपयोगी पडते, पण तसा खेळ पाहणाऱ्याला भित्रा वाटतो. इथे मराठी वाचकाला मलिक अंबर, शिवाजी महाराज आणि १७२८ चे पालखेड आठवणार. निजामाच्या जड फौजेला बाजीरावाच्या घोडदळाने कसे जेरीस आणले ते आठवणार. तरी गनिमी काव्यातून राजाची उडी आली असे मी म्हणणार नाही. हा नियम उत्तर हिंदुस्थानातही होता, पुराव्यावाचून त्याचे श्रेय मराठ्यांना देणे बरे नव्हे.

नियम बदलले ते एका दिवसात नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला, तो युरोपीय रीतीला जुळवून घेतल्याचे त्याच्या नावातच सांगितलेले आहे. तरीही देशी खेळ पुढे शतकभर चालला. पंजाबचा सुलतान खान त्याच खेळात वाढला. १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद त्याने जिंकले आणि हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवले. त्याची सुरुवात कच्ची, पण बिकट स्थिती धीराने सांभाळणे आणि शेवटचा खेळ विलक्षण, असे त्याच्याविषयी सर्वत्र म्हटले जाते. हा गुण देशी खेळातूनच आला हे सिद्ध करता येणार नाही. पण राजाच्या एका उडीला किंमत असलेल्या संथ डावात तो घडला, ही गोष्ट बाजूला सारताही येत नाही. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला, आणि १९५५ मध्ये आंध्रातल्या एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. व्यंकय्या यांनी तिचे विजेतेपद विभागून घेतले. एक मराठी आणि एक तेलुगू खेळाडू जिथे बरोबरीने पहिले आले, त्या पटावर राजाला किल्लेकोट करता येत होता आणि अडीच घरांची उडी नव्हती.