उपचार, विरंगुळा आणि खेळ

‘उपचार’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. रोग्यावर केला जाणारा इलाज हा एक आणि रीत म्हणून पार पाडायचा सोपस्कार हा दुसरा. रुग्णाला विरंगुळा ‘उपचार’ म्हणून दिला जातो तेव्हा यांतला कोणता अर्थ खरा ठरतो? या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या इतिहासात सापडते.

लुडविग गुटमान हे ब्रेस्लाउचे ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ. नाझी राजवटीतून निसटून ते १९३९ मध्ये इंग्लंडला आले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये या रुग्णालयातील मज्जारज्जू विभागाचे प्रमुख झाले. पाठीचा कणा जायबंदी झालेला सैनिक फार काळ जगणार नाही, अशीच तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ही मृत्यूची मुख्य कारणे. रुग्णांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याचा नियम गुटमान यांनी घालून दिला. माणसे जगू लागली. पण जगलेल्या माणसाने दिवसभर करायचे काय, हा प्रश्न उरला.

सुतारकाम, घड्याळदुरुस्ती आणि खेळ हे त्यांचे उत्तर होते. काही रुग्ण चाकांच्या खुर्च्यांत बसून, उलट्या धरलेल्या काठ्यांनी चकती टोलवत असल्याचे गुटमान यांनी पाहिले, असे सांगतात. त्यातून खुर्चीवरचा पोलो सुरू झाला. तो फारच धसमुसळा ठरल्याने बंद झाला. धनुर्विद्या मात्र टिकली. तिच्यामुळे दंड, खांदे आणि पाठ बळकट होतात, बसल्या जागी तोल सावरता येतो. डॉक्टरांच्या लेखी हा व्यायामच होता.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना रुग्णालयाच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया धनुर्विद्येच्या स्पर्धेला उतरल्या. सामना रिचमंडच्या ‘स्टार अँड गार्टर’ या सैनिकांच्या निवासाशी होता, आणि यजमान संघ हरला. मला हा पराभव महत्त्वाचा वाटतो. व्यायामात कोणी कोणाकडून हरत नाही. खेळात हरावे लागते. हरण्याचा हक्क मिळाला, तेव्हा रुग्ण खेळाडू झाला.

१९५२ मध्ये डच संघ आला. १९६० मध्ये रोमला २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. ‘पॅरालिम्पिक’ या शब्दातील ‘पॅरा’ प्रारंभी ‘पॅराप्लेजिया’ या व्याधीची आठवण देत असे. आज त्याचा अर्थ ‘समांतर’ असा सांगतात. नावातूनही आजार गळून पडला.

या परंपरेत एक मराठी नाव आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. पोहणे त्यांच्याकडे आले ते शरीर सावरण्याचा इलाज म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन त्यांनी पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मात्र मिळाली २०१८ मध्ये.

अशा खेळाडूंविषयी लिहिताना आपण ‘जिद्द’ हा शब्द फार सहज वापरतो. त्यात कौतुक असते, पण नजर अजून रुग्णशय्येवरच खिळलेली असते. पेटकरांच्या ३७.३३ सेकंदांकडे जलतरणपटूची वेळ म्हणून पाहणे, हाच त्यांचा खरा सन्मान. एरवी आपले कौतुक हाही दुसऱ्या अर्थाने एक उपचारच ठरतो.