एक कान, अनेक मीटर

विजेच्या मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा आपण सर्वांनी पाहिला आहे. आमच्या शहरात, छत्रपती संभाजीनगरात, शिक्षकांशी गप्पा मारताना एक प्रश्न हमखास येतो: शाळेची प्रयोगशाळा, संगणककक्ष आणि पाण्याचा पंप यांना वेगवेगळे मीटर लावले, तर त्या सर्वांची नोंद एकाच आर्ड्युइनोने घेता येईल का? घेता येईल. मात्र अनेक मीटर एकाच ठिकाणी वाचण्याची गरज आर्ड्युइनोपेक्षा बरीच जुनी आहे. तेव्हा थोडे मागे जाऊ.

१८८० च्या दशकात एडिसनच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या जस्त सल्फेटच्या द्रावणात बुडवलेल्या असत. ग्राहकाच्या प्रवाहाचा ठराविक अंश त्यांतून जाई आणि एका पट्टीवरचे जस्त दुसरीवर बसे. ठरावीक मुदतीने कंपनीचा माणूस पट्ट्या नेऊन त्यांचे वजन करी आणि त्यावरून बिल ठरे. फॅराडेच्या विद्युत अपघटनाच्या नियमाचा हा रोकडा व्यवहार होता. आपण किती वीज वापरली हे ग्राहकाला मात्र घरबसल्या कळत नसे. १८८९ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओटो ब्लाथी यांनी प्रत्यावर्ती प्रवाहासाठी प्रवर्तन मीटर तयार केला. त्याच तत्त्वावरचे, फिरत्या तबकडीचे मीटर पुढे शतकभर घरोघरी दिसले. आता आकडा कोणालाही वाचता येऊ लागला; पण तो टिपण्यासाठी दारोदार फिरणे काही चुकले नाही.

यात बिघडले काय? उत्तर वजाबाकीत आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि २००५ साली त्याची विभागणी होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. आमच्या शहरातील वितरण २०११ ते २०१४ या काळात जीटीएल या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून होते. अशा व्यवस्थेत फ्रँचायझी आपल्या भागात शिरणारी वीज मोजून विकत घेते आणि ग्राहकांना बिले देते. शिरलेल्या विजेतून सर्व ग्राहकांच्या मीटरांची बेरीज वजा केली, की उरते ती तूट. तिच्यात तारा तापून गेलेली वीज असते, चोरी असते आणि मीटरांच्या चुकाही असतात. पण मुख्य मीटर १ तारखेला आणि एखाद्या गल्लीतले मीटर २० तारखेला वाचले, तर त्या तुटीला अर्थ काय राहणार? सर्व आकडे एकाच वेळचे हवेत.

तबकडीने हे जमणे कठीण होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनी नवे मीटर इलेक्ट्रॉनिक असावेत असे ठरवले. असा मीटर दोन प्रकारे बोलू शकतो.

पहिला प्रकार स्पंदांचा. समजा मीटरवर एका युनिटला ३२०० स्पंद असे लिहिले आहे. १००० वॅटची शेगडी तासाला एक युनिट घेते, म्हणजे दिवा सुमारे १.१ सेकंदाने एकदा लुकलुकेल. दिव्यासमोर प्रकाशसंवेदक ठेवून आर्ड्युइनोने ते मोजायचे. यात प्रत्येक मीटरला आर्ड्युइनोची वेगळी पिन लागते. शिवाय आर्ड्युइनो बंद असताना आलेले स्पंद कायमचे हुकतात.

दुसरा प्रकार कारखान्यांतून आला. १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने मॉडबस ही संभाषणाची रीत तयार केली आणि १९८३ साली आरएस-४८५ हे तारांच्या जोडणीचे मानक आले. वर्गात हजेरी घेताना सगळी मुले एकदम ओरडली तर काहीच कळणार नाही. म्हणून गुरुजी क्रमांक पुकारतात आणि तेवढेच मूल ‘हजर’ म्हणते. मॉडबसमध्ये हेच होते. दोन तारांच्या एकाच जोडीवर प्रमाणित भाराची ३२ उपकरणे, सुमारे १२०० मीटरपर्यंत बसू शकतात. प्रत्येकाला १ ते २४७ पैकी एक क्रमांक असतो. संदेश दोन तारांमधील विभवांतरावर ठरतो. त्यामुळे दोन्हींवर सारखाच येणारा विद्युत गोंगाट आपोआप वजा होतो. मीटर स्वतःची एकूण बेरीज सांगतो, म्हणून मधला काळ हुकत नाही. आर्ड्युइनोला जोडायला एक लहान रूपांतरक चिप पुरते. दहा मीटरांची हजेरी काही सेकंदांत आटोपते.

आमच्या पहिल्या प्रयोगात मात्र निव्वळ गोंधळ हाती आला. तारा तपासल्या, प्रोग्रॅम तपासला. अखेर लक्षात आले, की दोन्ही नव्या मीटरांचा क्रमांक कारखान्यातूनच १ असा आला होता. एका हाकेला दोघे ओ देत होते! एकाचा क्रमांक बदलताच आकडे सरळ आले.

२००५ साली इटलीतील इव्रेआ येथे आर्ड्युइनो जन्मला तो विद्यार्थ्यांसाठी. त्यामुळे कारखान्यातली ही हजेरी आता शाळेतही घेता येते. अधिकृत वीजतंत्रज्ञाकडून उपमीटर बसवून घ्यावेत; कंपनीच्या मीटरचे सील किंवा २३० व्होल्टची जोडणी यांना विद्यार्थ्यांनी हात लावू नये. मग मुख्य मीटरमधून उपमीटरांची बेरीज वजा करा. वर्ग १ चा मीटर १ टक्क्याच्या आसपास चुकू शकतो, हे ध्यानात ठेवा. त्याहून बरेच जास्त उरले, तर रात्रभर कुठे काय चालू राहते हे मुलांनाच शोधू द्या. ज्या वजाबाकीवर शहराच्या विजेचा हिशेब उभा असतो, तीच ती करीत असतील.