अस्थिमज्जेचे प्रतिरोपण आणि एपस्टाइन-बार विषाणू

अस्थिमज्जेच्या प्रतिरोपणानंतर काही रुग्णांत लसीका-पेशींची जी अनिर्बंध वाढ होते, तिचा इतिहास सांगताना प्रारंभ बहुधा विषाणूच्या शोधापासून करण्यात येतो. कालक्रमाने हे योग्य असले तरी कार्यकारणाच्या दृष्टीने अपुरे होय. विषाणू पूर्वीपासून होताच. त्याला मोकळे रान मिळाले ते मज्जा निर्धोक करण्याच्या प्रयत्नातून.

डेनिस बर्किट यांनी युगांडातील मुलांच्या जबड्यात आढळणाऱ्या अर्बुदाचे वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये लंडन येथे झालेले त्यांचे व्याख्यान ऐकून अँथनी एपस्टाइन यांनी कंपालाहून अर्बुदाचे तुकडे विमानाने मागविण्यास आरंभ केला, आणि १९६४ साली एपस्टाइन, बर्ट अचाँग व इव्होन बार यांनी त्या पेशींत एक नवा विषाणू असल्याचे प्रसिद्ध केले. १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या हेन्ले दांपत्याने त्याचा संबंध ग्रंथिज्वराशी जोडला. शेकडा ९० हून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू आजन्म वास करतो. तो बी-पेशींत दडून राहतो व टी-पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. निरोगी माणसाला त्याची जाणीवही नसते.

परंतु याच टी-पेशी प्रतिरोपणात शत्रू ठरतात. दात्याच्या मज्जेबरोबर आलेल्या टी-पेशी रुग्णाचे शरीर परके मानून त्यावर हल्ला चढवितात, आणि ऊतींचे पुरेसे साम्य असलेला दाता नसेल तर हा हल्ला प्राणघातक होऊ शकतो. म्हणून १९८० च्या सुमारास मज्जेतून टी-पेशी वेगळ्या काढण्याच्या रीती प्रचारात आल्या. याइर राइस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी सोयाबीनमधील लेक्टिन आणि मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी वापरल्या. इतरांनी मोनोक्लोनल प्रतिपिंडांचा आश्रय घेतला. ज्यांना जुळणारा दाता नव्हता, अशा रुग्णांना या रीतींनी प्रथमच आशा दाखविली, हे विसरता कामा नये.

टेक्ससमधील डेव्हिड व्हेटर हा त्यांपैकीच एक. १९७१ साली जन्मलेल्या या मुलास उपजत प्रतिकारशक्तीच नव्हती. त्याच विकाराने त्याचा थोरला भाऊ आधीच दगावला होता. जन्मापासून तो निर्जंतुक कक्षात वाढला. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याला बहिणीची मज्जा, टी-पेशी काढून, देण्यात आली. बहिणीच्या ऊती त्याच्याशी पूर्णपणे जुळत नव्हत्या. काही महिन्यांतच ज्वर व आतड्यांतील रक्तस्राव सुरू झाला आणि २२ फेब्रुवारी १९८४ रोजी तो मरण पावला. शवपरीक्षेत बी-पेशींच्या अनेक गाठी आढळल्या. त्यांत एपस्टाइन-बार विषाणू होता आणि त्या सर्व गाठी एकाच मूळ पेशीपासून निघालेल्या नव्हत्या. विषाणू बहुधा मज्जेबरोबरच आला होता. त्याचे पहारेकरी मात्र मागे राहिले होते. वृत्तपत्रांचे लक्ष त्या पारदर्शक कक्षावरच खिळले. वैद्यकाच्या इतिहासात अधिक मोल आहे ते १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शवपरीक्षेच्या वृत्तांताला.

अवयव-प्रतिरोपणात, प्रतिकार दडपणारी औषधे कमी केली तर अशा गाठी विरतात, हे टॉमस स्टार्झल यांनी १९८४ मध्येच दाखविले होते. मज्जेच्या रुग्णाला हा मार्ग फारसा उपयोगी नव्हता. औषधे थांबविली तरी जाग्या होणाऱ्या टी-पेशी त्याच्याजवळ नव्हत्याच. तेव्हा त्या बाहेरून देणे ओघानेच आले. १९९४ साली न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतील वैद्यांनी अशा पाच रुग्णांना मूळ दात्याच्याच पांढऱ्या पेशी दिल्या. पाचही जणांच्या गाठी विरल्या. तथापि दोघे श्वसनक्रिया निकामी होऊन दगावले. शिवाय जो हल्ला टाळण्यासाठी टी-पेशी काढल्या होत्या, तोच या पेशींबरोबर परत येण्याची भीती होतीच. १९९५ मध्ये मेम्फिस येथे क्लिओना रूनी, हेलन हेस्लॉप व माल्कम ब्रेनर यांनी म्हणूनच दात्याच्या टी-पेशींपैकी केवळ या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दिल्या. १९९८ च्या त्यांच्या वृत्तांतानुसार प्रतिबंधासाठी अशा पेशी घेतलेल्या ३९ रुग्णांपैकी एकालाही विकार झाला नाही. त्या न मिळालेल्या ६१ जणांत त्याचे प्रमाण शेकडा ११.५ होते. २०१० पर्यंत प्रतिबंधासाठी या पेशी दिलेल्यांची संख्या १०१ झाली होती, आणि त्यांतही कोणाला विकार झाला नव्हता.

मात्र एकेका रुग्णासाठी पेशी वाढविण्यास आठवडेच्या आठवडे लागतात, आणि गाठी तितका अवधी देत नाहीत. त्यामुळे त्रयस्थ दात्यांच्या पेशी आधीच तयार करून साठविण्याची कल्पना पुढे आली. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने अशा साठविलेल्या पेशींच्या एका औषधास, आधीचा उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांसाठी, मान्यता दिली.