प्रश्नचिन्ह लावून छापलेले परग्रहवासी

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. आभाळातून पेटते गोळे रांगेनं सरकत गेले होते, आठवतंय ना? विदर्भ-खान्देशात गावोगावी लोक गच्चीवर चढून शूटिंग करत होते. माझा फोन थांबेना. पंधरा मिनिटांत मी बातमी सोडली: उल्का, उपग्रह की परग्रहावरचं यान? शेवटी प्रश्नचिन्ह. आमच्या धंद्यात प्रश्नचिन्ह म्हणजे अटकपूर्व जामीन. काहीही लिहा, पुढे ते लावा, कोणी वाकडं करत नाही.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा जुना भाग वातावरणात शिरताना जळाला, त्याचे हे तुकडे असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. तेही मी टाकलं. पहिली पोस्ट अजून कोणीतरी फॉरवर्ड करत असतं. दुसरी कोणाला आठवतही नाही.

परवा एका वाचकानं टपरीवर गाठून विचारलं, "भाऊ, खरं सांगा, वर कोणी आहे का?" तिथे हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण या प्रश्नाचा इतिहास निम्मा खगोलशास्त्राचा आहे आणि निम्मा आमच्या धंद्याचा.

१८३५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या पेपरनं सहा भागांची लेखमाला छापली. जॉन हर्शेल या नामवंत शास्त्रज्ञाला दक्षिण आफ्रिकेतून, नव्या दुर्बिणीतून, चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली म्हणे. हर्शेल खरोखरच आफ्रिकेत होता, एवढंच त्यात खरं. बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. पेपर मात्र धडाक्यात खपला.

ती सरळ थाप होती. त्यापेक्षा मंगळाचं प्रकरण जास्त शिकण्यासारखं, कारण तिथे कोणी खोटं बोलत नव्हतं. १८७७ मध्ये इटलीतल्या मिलानच्या वेधशाळेतून स्कियापरेली यानं मंगळाचा नकाशा काढला. त्याला बारीक रेषा दिसल्या. त्यांना तो 'कनाली' म्हणाला. इटालियनमध्ये हा शब्द नैसर्गिक ओघळालाही चालतो. इंग्रजीत जाताना त्याचा झाला 'कॅनाल', म्हणजे कालवा. आता ओढा आणि कालवा यातला फरक आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ओढा आपोआप असतो. कालवा म्हटलं की खणणारा आला, पाणी सोडणारा आला, म्हणजे अख्खं पाटबंधारे खातंच आलं! त्यात सुएझ कालवा १८६९ मध्येच सुरू झालेला, कालवे म्हणजे माणसाच्या बुद्धीची कमाल असं वातावरण. एका शब्दानं मंगळावर वस्ती झाली.

पुढे पर्सिव्हल लॉवेल हा बोस्टनचा श्रीमंत माणूस यात पडला. १८९४ मध्ये त्यानं ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला स्वतःच्या पैशानं वेधशाळा बांधली आणि सांगायला लागला की मंगळ वाळत चाललाय, तिथले शहाणे रहिवासी ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी कालव्यांनी आणून शेती जगवतायत. दुष्काळी भागातल्या आपल्या माणसाला ही गोष्ट किती पटली असती बघा. मलाही पटली असती.

शंका घेणारेही होते. १९०३ मध्ये माँडर या खगोलशास्त्रज्ञानं ग्रीनिचच्या एका शाळेतल्या पोरांसमोर एक चित्र टांगलं. त्यावर नुसते वेडेवाकडे ठिपके आणि डाग, कालवा एकही नाही. वेगवेगळ्या अंतरावर बसवून पोरांना ते बघून काढायला सांगितलं. काही अंतरावरच्या पोरांनी चक्क सरळ रेषा काढल्या. डोळा ठिपके जोडतो, एवढाच त्याचा अर्थ. डार्विनच्या बरोबरीनं नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणाऱ्या वॉलेसनं १९०७ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, पुस्तक लिहून सांगितलं की एवढ्या थंड, विरळ हवेच्या ग्रहावर उघड्या कालव्यातून पाणी पोचणारच नाही. १९०९ मध्ये फ्रान्समधल्या मोठ्या दुर्बिणीतून अँटोनियाडीला त्या रेषांच्या जागी नुसते तुटक डाग दिसले.

तरीही १९११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं मथळा दिलाच, मंगळवासीयांनी दोन वर्षांत दोन प्रचंड कालवे खोदले म्हणून. तिथे तर प्रश्नचिन्हही नव्हतं. शेवटी जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यानानं जवळून वीसेक फोटो पाठवले. खड्डेच खड्डे, अगदी चंद्रासारखे. हवा पृथ्वीच्या एक टक्काही नाही.

मंगळ निकालात निघण्याआधीच शोध ताऱ्यांकडे वळला होता. १९६० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथे फ्रँक ड्रेकनं २६ मीटरची रेडिओ दुर्बीण दोन जवळच्या ताऱ्यांवर रोखली. पहिल्याच दिवशी दणदणीत संदेश! काही दिवसांनी तो पुन्हा आला, पण बाजूच्या साध्या अँटेनावरही आला. म्हणजे पृथ्वीवरचाच, बहुधा उंचावरून जाणाऱ्या विमानाचा.

पुढच्या वर्षी ड्रेकनं ते प्रसिद्ध समीकरण मांडलं. आपल्या आकाशगंगेत दरवर्षी तारे किती जन्मतात, त्यातल्या कितींना ग्रह, कितींवर जीव, कितींवर बुद्धी, कितींना संदेश पाठवायची अक्कल, आणि ती संस्कृती किती वर्षं टिकते, सगळ्यांचा गुणाकार. जमलेल्या विद्वानांनी उत्तर काढलं: एक हजार ते दहा कोटी. आमच्याकडे सभेच्या गर्दीचा आकडाही याहून जवळपास असतो. पण त्यांची चूक नव्हती. आपल्याला काय काय माहीत नाही याची ती यादी होती.

तेव्हा सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह माहीत नव्हता. आज हजारो सापडलेत. म्हणजे ग्रहांचा रकाना भरला. पुढचे मात्र कोरे, कारण जीव असलेलं एकच उदाहरण आपल्याकडे आहे, आपलं. आणि ते उदाहरण सांगतं काय? पृथ्वीवर जीव निदान साडेतीनशे कोटी वर्षं आहे, त्यातला बहुतेक काळ नुसते सूक्ष्मजीव. रेडिओ येऊन सव्वाशेच वर्षं झाली. आकाशगंगा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण एक लाख प्रकाशवर्षं. दोन संस्कृती एकाच वेळी जाग्या असायला हव्यात, आणि 'हॅलो' म्हटल्यावर उत्तर येईपर्यंत टिकायलाही हव्यात. म्हणून माझा कल विचाराल तर सूक्ष्मजीव बऱ्याच ठिकाणी असतील. बोलणारा शेजारी मिळेल असं मला वाटत नाही. हे मत आहे, बातमी नव्हे.

एक गोष्ट मात्र मला पत्रकार म्हणून बोचते. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल नावाची विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीचे कागदी आलेख तपासत होती. रोज शंभरेक फूट कागद, सगळा डोळ्यांनी वाचायचा. त्यात तिला एक बारीक खरखर दिसली. नोव्हेंबरच्या शेवटी नीट नोंद घेतली तर दर १.३३ सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा. निसर्गात असं काही कोणी पाहिलेलं नव्हतं. गमतीत त्यांनी त्याला नाव दिलं 'छोटी हिरवी माणसं'. बघा, मथळा आयता हातात होता! तो त्यांनी बाहेर काढला नाही. यंत्राचा दोष तपासला. ठोका ग्रहावरून येत असेल तर ग्रहाच्या फिरण्यानं त्यात फरक पडायला हवा, तो शोधला, मिळाला नाही. डिसेंबरात बेललाच आभाळाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तसाच दुसरा स्रोत सापडला. दोन कोपऱ्यांतली दोन वेगळी माणसं एकाच पद्धतीनं आपल्याला हाका मारणार नाहीत. फेब्रुवारी १९६८ मध्ये शोध छापून आला. आज त्या ताऱ्यांना पल्सार म्हणतात. १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकाला आणि आणखी एकाला मिळालं, तिला नाही. तो वेगळा विषय, पण राग येतोच.

हेच पल्सार आज आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या ४५ मीटरच्या तीस अँटेना ऐकतात. आणि आपले जयंत नारळीकर बघा. ते स्वतः मराठीत विज्ञानकथा लिहायचे. त्यांच्या पुढाकारानं हैदराबादहून बलून सोडून खूप उंचावरच्या हवेचे नमुने आणले, त्यात तीन नव्या जातींचे जिवाणू मिळाले. २००९ मध्ये इस्रोनं ते जाहीर करताना निवेदनातच लिहिलं, हे पृथ्वीबाहेरचेच आहेत असं यातून ठामपणे सिद्ध होत नाही. असं वाक्य माझ्या बातमीत मी शेवटचं कधी लिहिलं?

मागच्या महिन्यात पुन्हा फोन आला. पहाटे दिव्यांची माळ दिसली. या वेळी मी वेळ विचारली, दिशा विचारली, ताशी नोंदी ताडून पाहिल्या. स्टारलिंकचे उपग्रह.

पलीकडचा पोरगा हिरमुसला. "मग बातमी नाही होणार का, दादा?"

म्हटलं, होईल की. चार ओळींची.