टोपी आजीच्या चंचीत

आमच्या घरची ठासणीची बंदूक माणसावर एकदाच रोखली गेली. त्या रात्री बार उडाला नाही, म्हणून आमचं घर टिकलं.

साल 1948, पोळा दोन दिवसांवर आलेला. गाव जिंतूर तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. तिथून वऱ्हाडाची हद्द लांब नाही. हद्दीपलीकडं स्वतंत्र भारत आणि अलीकडं निजाम, असं ते वर्ष होतं. 29 नोव्हेंबर 1947 ला दोघांत ‘जैसे थे’ करार झाला, पण खेड्यात जैसे थे काहीच राहिलं नव्हतं. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीचे, निजामाच्या बाजूनं लढणारे रझाकार गावोगाव फिरत होते. निजामाविरुद्ध उठलेली स्टेट काँग्रेसची पोरं हद्द ओलांडून उमरखेडसारख्या कँपांत जात होती. आमच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा चुलतभाऊही असाच एका रात्री निघून गेला होता.

बंदूक खरी रोही आणि रानडुकरांसाठी होती. तिचं काम मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. नळीत शिंगातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि लोखंडी गजानं ठासायचं. शेवटी घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाते आणि बार निघतो. एवढं करून एकच बार. दुसरा भरेपर्यंत समोरचा माणूस तुमच्या अंगावर आलेला असतो. म्हणून जुने लोक बार जपून ठेवत. बार गेला की हातात नुसतं दांडकं उरतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या आठवड्यात शेजारच्या गावात जाळपोळ झाल्याची वार्ता आली होती. आबा आठ दिवस नीट झोपले नव्हते. अमावास्येकडं झुकलेली रात्र, पावसाची झिमझिम. मागच्या परसात चिखलात पाय वाजले. आबांनी बंदूक उचलली, कुडाच्या फटीतून नळी बाहेर काढली आणि चाप ओढला. टोपी फुटली. ‘फट्’ एवढाच आवाज. नळीतली दारू तशीच.

बाहेरून आवाज आला, “दादा, मारू नका, मी हाय.”

पोळ्याला आईला भेटायला चोरून आलेला तो चुलतभाऊ होता.

श्रावणभर दारूनं ओल धरली होती. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं ते मिश्रण पावसाळ्यात उन्हं मिळाली नाहीत की निकामी होतं. आबा पुढं तीस वर्षं जगले, पण ही गोष्ट सांगताना दारूच्या ओलीवर कधीच थांबले नाहीत. ते म्हणायचे, “म्या इचारलंच न्हाई, कोन हाय म्हून.” मला वाटतं, त्यांना खरं हेच छळत होतं. भीती खोटी नव्हती. त्या भीतीनं तोंडच बंद झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात दोन गोष्टी बदलल्या. दारूचं शिंग चुलीवरच्या फळीवर गेलं. आणि टोप्या आजीच्या पानाच्या चंचीत, सुपारीच्या कप्प्याशेजारी गेल्या. बंदूक चालवायची तर आधी आजीकडं टोपी मागायची. ही युक्ती आजीची होती, आबांनी ती मुकाट्यानं मान्य केली.

पंधरवडाही झाला नाही तोच तिचा कस लागला. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17 ला निजामानं शरणागती पत्करली. आनंद मोठा होता, तो आम्ही आजही दरवर्षी साजरा करतो. पण पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच हिवाळ्यात फिरून जे नोंदवलं, तेही आपलंच आहे. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड त्यांच्याशी संबंध नसलेल्या मुसलमानांवर उगवला गेला, आणि हजारो माणसं मेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड इथं सर्वांत जास्त.

आमच्या शेजारचं मुसलमान पिंजाऱ्याचं कुटुंब तेव्हा आसऱ्याला आमच्या माजघरात होतं. संध्याकाळी बाहेरगावची माणसं कुऱ्हाडी घेऊन ओट्याशी आली. आबांनी आत येऊन टोपी मागितली. आजी म्हणाली, “आधी बोला त्येंच्याशी. मग बघू.” आबा बंदूक आतच ठेवून बाहेर गेले आणि अर्धा तास बोलत राहिले. काय बोलले ते आजीला माजघरातून ऐकू आलं नाही. माणसं शिव्या देत परत गेली. आत पिंजारीण आजीच्या हाताला धरून बसली होती, आणि आजीच्या दुसऱ्या मुठीत चंची होती.

पुढं 1959 चा शस्त्र कायदा आला. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्यातही मिळतो. आमचा परवाना आबांच्या नावावर चालू राहिला, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची आणि नंतर परत आणायची. स्वसंरक्षणाचा हक्क दंडविधानात होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आहे. शरीराला धोका असल्याची रास्त भीती वाटली की तो हक्क सुरू होतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना मी हे सांगायचे, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं कुडाची ती फट असायची.

आबा गेल्यावर वडिलांनी बंदूक कायमची जमा केली. ठाण्यात नळी, गज, शिंग, सगळं लिहून घेतलं गेलं. टोप्यांचं कुणाच्या लक्षात आलं नाही. आजी वारली तेव्हा चंची उघडली, तर कातरलेल्या सुपारीत तीन टोप्या होत्या, हिरव्या पडलेल्या.